मूल कोणाचं? खडूच्या वर्तुळाचा मागोवा

1940 सालच्या जानेवारीत जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त स्वीडनमध्ये, स्टॉकहोमजवळच्या लिडिंग्यो बेटावर राहत होता. देश सोडून सात वर्षं होत आली होती. बर्लिनच्या संसदभवनाला आग लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 28 फेब्रुवारी 1933 रोजी, तो बायकोला घेऊन जर्मनीबाहेर पडला होता. डेन्मार्कमध्ये काही वर्षं काढली, मग तिथूनही उठावं लागलं. आता युद्ध पेटलं होतं. त्या हिवाळ्यात त्याने एक गोष्ट लिहिली, 'ऑग्सबर्गचं खडूचं वर्तुळ'. ऑग्सबर्ग हे त्याचं जन्मगाव आणि काळ सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धाचा. कॅथलिक फौजा शहरात घुसतात. चामडं कमावण्याचा कारखाना असलेला एक प्रोटेस्टंट मालक मारला जातो. त्याची बायको कपडेलत्ते गोळा करण्यात वेळ घालवते आणि शेवटी तान्हं मूल मागे टाकून पळते. घरची मोलकरीण अ‍ॅना ते मूल उचलते, वाढवते. काही वर्षांनी आई परत येते, कारण आता कारखान्याच्या वारसाहक्काचा प्रश्न आहे. न्यायाधीश जमिनीवर खडूने वर्तुळ काढायला लावतो, मुलाला मधोमध उभं करतो आणि दोघींना दोन बाजूंनी ओढायला सांगतो. मुलाला इजा होईल म्हणून अ‍ॅना हात सोडते, आणि मूल अ‍ॅनाला मिळतं.

याच गोष्टीतून 1944 साली अमेरिकेत 'कॉकेशियन खडूचं वर्तुळ' हे नाटक उभं राहिलं. ब्रेख्तचं सर्वांत प्रेमळ नाटक कोणतं, असं मला कोणी विचारलं तर मी याचंच नाव घेईन. पण हे वर्तुळ ब्रेख्तने पहिल्यांदा काढलेलं नाही. त्याच्या हाती ते आलं तेव्हा ते शेकडो वर्षं जुनं होतं. ते कुठून आलं आणि वाटेत त्याचं काय काय झालं हे पाहिलं, तर ब्रेख्तने त्यात नेमकं काय बदललं ते स्वच्छ दिसतं.

आपल्याकडून सुरुवात करू. पाली जातकांमध्ये महाउम्मग्ग जातक आहे. त्यात बोधिसत्त्व महोसध नावाच्या बुद्धिमान मुलाच्या रूपात मिथिलेजवळच्या गावात जन्मतो आणि लोकांचे तंटे सोडवतो. एक बाई मुलाला घेऊन तळ्यावर अंघोळीला येते. एक यक्षिणी बाईचं रूप घेऊन मुलाला कडेवर घेते आणि चालू लागते. भांडण महोसधापुढे येतं. तो जमिनीवर एक रेघ ओढतो, मुलाला रेघेवर ठेवतो, यक्षिणीला हात धरायला सांगतो आणि आईला पाय. जी ओढून नेईल तिचं मूल. ओढाताण सुरू होताच मूल रडू लागतं आणि आई हात सोडून रडत उभी राहते. महोसध जमलेल्या लोकांनाच विचारतो, की मुलाबद्दल काळीज कोणाचं हळवं असतं? इथे वर्तुळ नाही, रेघ आहे. परीक्षा मात्र तीच.

बायबलमधला राजा सॉलोमन तलवार मागवतो. एका घरात राहणाऱ्या दोन वेश्या, दोघींना मुलं झालेली, त्यातलं एक दगावलेलं. उरलेल्या मुलाचे दोन तुकडे करा म्हटल्यावर एक जण म्हणते की तिलाच द्या, पण मारू नका. तीच खरी आई ठरते.

या कथा शेजारी शेजारी ठेवून एक प्रश्न विचारावा. लबाड बाईला मूल हवंय तरी कशासाठी? यक्षिणीला खायला हवंय. सॉलोमनच्या दरबारातल्या बाईचं स्वतःचं मूल गेलंय, तिच्या मागणीत दुःख आहे आणि मत्सरही. तिसरं उत्तर चीनमध्ये मिळतं, आणि तिथून ही कथा घरच्या ओटीवरून थेट बाजारात येते.

मंगोल राजवटीच्या काळात, युआन घराण्याच्या अमलात, ली शिंगदाओ या नाटककाराने 'ह्वेइलान जी' नावाचं नाटक लिहिलं. वर्तुळ पहिल्यांदा भेटतं ते इथे, आणि ते चुन्याने आखलेलं आहे. हायतांग ही गरिबीमुळे नको त्या व्यवसायात ढकललेली मुलगी मा नावाच्या श्रीमंताची दुसरी बायको होते. तिला मुलगा होतो. पहिली बायको कचेरीतल्या कारकुनाशी संधान बांधून नवऱ्याला विष घालते आणि खुनाचा आळ हायतांगवर टाकते. इस्टेट हाती राहायची तर वारस हवा, म्हणून मुलगाही आपलाच असल्याचं सांगते. शेजारी आणि सुईणी पैसे घेऊन तशी साक्ष देतात. खालचं न्यायालय विकलं गेलेलं आहे. प्रकरण कायफेंगला न्यायाधीश बाओ यांच्यापुढे जातं. बाओ हे अकराव्या शतकात खरोखर होऊन गेलेले अधिकारी. चिनी लोककथांत आणि नाटकांत ते निःस्पृह न्यायाचं दुसरं नाव झाले. वर्तुळात हायतांग ओढत नाही. मुलाचे हात कोवळे आहेत, ते मोडतील, असं ती सांगते. तिने न ओढणं हाच बाओंना तिच्या आईपणाचा पुरावा वाटतो.

म्हणजे मुलाच्या मागे मालमत्ता उभी आहे, हे या कथेने ब्रेख्तच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. तरीही शेवटी जिंकते ती जन्म देणारीच. मिथिला, जेरुसलेम, कायफेंग, तिन्ही ठिकाणी जिचं पोट तिचंच काळीज.

1832 साली स्तानिस्ला ज्युलियाँ या फ्रेंच चिनी-पंडिताने हे नाटक फ्रेंचमध्ये आणलं. युरोपात ते वाचलं जाऊ लागलं. 1925 मध्ये क्लाबुंड या जर्मन कवीने त्यावरून 'खडूचं वर्तुळ' लिहिलं. क्लाबुंडची हायतांग नाजूक, काव्यमय आहे. मुलाचा बाप प्रत्यक्ष सम्राट निघतो आणि ती सम्राज्ञी होते. त्याच वर्षी बर्लिनच्या डॉइचेस थिएटरमध्ये माक्स राइनहार्टने ते नाटक बसवलं, एलिझाबेथ बेर्गनर ही त्या काळची गाजलेली नटी हायतांग झाली. त्या नाट्यगृहात नाट्यसल्लागार म्हणून नोकरीला असलेल्या तरुणांत एक होता ब्रेख्त. वर्तुळ त्याला भेटलं ते असं, नोकरीच्या छपराखाली. 'माणूस म्हणजे माणूस' या नाटकाला जोडून त्याने 'हत्तीचं पिल्लू' हे प्रहसन लिहिलं, त्यात त्याने मातृत्वाच्या या परीक्षेची टिंगलही केली. ती कथा त्याला छळत राहिली असावी, कारण पंधराएक वर्षांनी, परागंदा अवस्थेत, तो पुन्हा तिच्याकडे वळला.

मधल्या काळातल्या त्याच्या कविता वाचल्या की हे वळण अचानक वाटत नाही. 1935 च्या एका कवितेत एक वाचणारा कामगार इतिहासाच्या पुस्तकाला प्रश्न विचारतो. मोठमोठी शहरं राजांनी बांधली असं लिहिलंय, पण दगड कोणी वाहिले? 1938 च्या कवितेत लाओत्से देश सोडून निघालाय आणि सीमेवरचा फाटका जकातदार त्याला थांबवून त्याचं ज्ञान लिहून ठेवायला लावतो. कवितेच्या अखेरीस ब्रेख्त ऋषीबरोबर जकातदाराचेही आभार मानतो. एखादी गोष्ट कोणाची, हा या सगळ्या कवितांचा छुपा प्रश्न आहे. ज्याचं नाव कोरलंय त्याची, की ज्याचे हात लागलेत त्याची?

नाटकात हा प्रश्न जॉर्जियात जातो. ईस्टरच्या दिवशी राजवाड्यात उठाव होतो, सुभेदाराचं डोकं उडवलं जातं. त्याची बायको नतेला कोणते झगे बरोबर न्यायचे या निवडीत अडकते आणि मूल, मिखेल, तसंच राहतं. स्वयंपाकघरातली मोलकरीण ग्रुशा आधी त्याला टाकून निघायचा प्रयत्न करते. मग रात्रभर त्याच्याजवळ बसून राहते, आणि पहाटे चोरासारखी त्याला उचलते. ब्रेख्तने ग्रुशा पहिल्या खर्ड्यानंतर बदलली. ती फारच संत झाली होती. ब्रॉइगेलच्या सोळाव्या शतकातल्या चित्रातली चिलखत चढवून लूट घेऊन निघालेली वेडी ग्रीट त्याच्या डोळ्यांसमोर होती. ग्रुशात तो हट्ट, तो राकटपणा त्याला हवा होता.

डोंगर चढताना दुधाचा एक प्रसंग आहे. मूल भुकेलंय. एका म्हाताऱ्याच्या दारात ती दूध मागते. तो म्हणतो, शिपायांनी बकऱ्या नेल्या, आता घोटभर दुधाला तीन पियास्तर पडतील. ती चिडते, दार बंद होतं. ती मुलाला आपल्या कोरड्या छातीशी लावून पाहते. मग पुन्हा दार ठोठावते आणि पैसे मोजते. तिचं आईपण मला इथे घडताना दिसतं. घामाचे पैसे, एक नकार, एक निरुपाय आणि पुन्हा वाजवलेलं दार. नाटकभर अशी किंमत चढत जाते. ती कुजका दोरखंडी पूल ओलांडते. भावाच्या घरात आश्रितासारखी राहते. मुलाला बाप हवा म्हणून मरायला टेकलेल्या माणसाशी लग्न करते, आणि युद्ध संपल्याचं कळताच तो 'मरणारा' ताडकन उठून बसतो. तिचा खरा प्रियकर सिमॉन परत येतो, तेव्हा तिच्या पदरी मूल आहे आणि नवराही.

न्यायाधीश आहे अझ्डाक. तो गावचा कारकून, दारुडा. एका भिकाऱ्याला आसरा देतो आणि तो पळालेला राजा निघतो. गोंधळाच्या काळात शिपायांनीच त्याला न्यायासनावर बसवलंय. तो लाच घेतो आणि कायद्याचं पुस्तक बसायला वापरतो. त्याच्यापुढे नतेलाचा वकील बोलता बोलता सांगून टाकतो, की मूल हाती आल्याशिवाय इस्टेटीचा ताबा मिळत नाही. कायफेंगची पहिली बायको इथे परत आली आहे, फरक इतकाच की यावेळी ती खरीखुरी जन्मदाती आहे. अझ्डाक ग्रुशाला विचारतो, पोराने श्रीमंत व्हावं असं तुला वाटत नाही का? ती गप्प राहते. तिच्या मनातलं, नाटकाची कथा सांगणारा गायक गातो. मग वर्तुळ, मग ओढाताण. ग्रुशा सोडते. परीक्षा पुन्हा होते, ती पुन्हा सोडते. अझ्डाक मूल तिला देतो, इस्टेट शहरातल्या मुलांच्या बागेसाठी देतो, आणि जाता जाता 'चुकून' ग्रुशालाच घटस्फोट देऊन टाकतो.

परीक्षेत ब्रेख्तने काडीचाही बदल केला नाही. बदलली ती फक्त जिंकणारी बाई. आधीच्या कथांत हात सोडणं म्हणजे रक्ताची खूण होती. ब्रेख्तच्या कथेत तीच काळजी वाढवण्यातून आली आहे. देवकी आणि यशोदा दोघींना ओळखणाऱ्या आपल्या वाचकाला हे पटायला वेळ लागत नाही. पण यशोदेला कृष्ण शेवटी मथुरेला पाठवावा लागला. ग्रुशाकडे मिखेल राहतो.

हे नाटक पहिल्यांदा झालं 1948 च्या मे महिन्यात, अमेरिकेत मिनेसोटातल्या नॉर्थफील्ड गावच्या कार्लटन महाविद्यालयात, इंग्रजीतून, विद्यार्थ्यांनी केलेलं. ब्रेख्त तेव्हा अमेरिकेत नव्हता. 30 ऑक्टोबर 1947 ला त्याला अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या समितीपुढे उभं राहावं लागलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी त्याने विमान पकडलं होतं. पूर्व बर्लिनमध्ये त्याच्या बर्लिनर आँसाम्बलने 1954 साली ते केलं. अँगेलिका हुर्विच ग्रुशा, एर्न्स्ट बुश अझ्डाक, ब्रेख्तची बायको हेलेने वायगेल नतेला, संगीत पाउल देसाउ यांचं. 1975 मध्ये रॉबर्ट स्तुरुआने ते त्बिलिसीच्या रुस्तावेली नाट्यगृहात बसवलं आणि जॉर्जियाची कथा जॉर्जियन भाषेत बोलू लागली. सत्तरच्या दशकातच ते मराठीत आलं. चिं. त्र्यं. खानोलकरांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' लिहिलं, आणि विजया मेहता व वायमारहून आलेले दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांनी ते मुंबईत उभं केलं. गायकाच्या तोंडून पुढे सरकणारं हे नाटक आरती प्रभू या नावाने कविता लिहिणाऱ्या माणसाच्या हाती पडलं, हा मराठीचा भाग्ययोग.

या प्रवासात एक गोष्ट मात्र वारंवार गळत आली आहे, ती म्हणजे नाटकाचा पूर्वरंग. अमेरिकेत सुरुवातीला तो वगळूनच नाटक लोकांपुढे आलं, आणि पुढेही अनेकांनी त्याला प्रचार म्हणून कात्री लावली. मला ही कात्री मुळावरच घातलेली वाटते. पूर्वरंगात हिटलरच्या फौजा मागे हटल्यानंतरचं एक खोरं आहे. दोन सामुदायिक शेतसंस्था त्यावर दावा सांगतात. एक बकऱ्या पाळणारी, पिढ्यानपिढ्या तिथे राहिलेली, युद्धात पूर्वेकडे हलवलेली. दुसरी फळबागवाल्यांची, जिने डोंगरात लढता लढता पाटपाण्याचा आराखडा केला. एक म्हातारा धनगर आपलं चीज चाखायला देतो. सगळे वाखाणतात. तो म्हणतो, छे, नव्या गवताची बकऱ्यांना गोडी नाही, आणि गवत बदललं की चीज चीज राहत नाही. त्याचा दावा असा जिभेवर ठेवला जातो, मगच बागवाल्यांचा नकाशा उलगडतो. बोलून, ऐकून धनगर खोरं सोडतात, आणि त्यांच्या सन्मानार्थ वर्तुळाचं नाटक सादर होतं.

'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आणि 1948 चा कुळकायदा ज्यांच्या घरात बोलला गेला, त्यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. पण त्यात धोकाही आहे. कूळ आधीपासून कसत असतं, तर बागवाले 'आम्ही अधिक चांगलं कसू' म्हणतात. धरणाखाली गाव घालवणाराही हेच म्हणतो. जो चांगला वापर करील त्याचं, एवढाच या नाटकाचा अर्थ घेतला, तर कोणत्याही बळजबरीला ते पाठिंबा देईल.

म्हणूनच पूर्वरंग आणि वर्तुळ एकत्र वाचायला हवेत, कारण ते एकमेकांना सावरतात. पूर्वरंग सांगतो, की हक्क जन्माने मिळत नाही, जपण्याने मिळतो. वर्तुळ त्याला अट घालतं, की जपतो तोच, जो हिसकताना मोडू नये म्हणून हात सोडायला तयार असतो. धनगरांना कोणी हुसकावत नाही, चर्चेनंतर ते आपणहून सोडतात. त्यांच्यासाठी नाटक होतं याचं कारण मला हेच वाटतं. वर्तुळातल्या ग्रुशाशी त्यांचंही नातं आहे. अझ्डाकचा न्याय हा योगायोग होता. गायक सांगतो, की त्याचा काळ थोडका टिकला, आणि निकाल देऊन तो त्याच संध्याकाळी नाहीसा झाला. खोऱ्यातला निर्णय योगायोगावर सोडलेला नाही, तो दोन्ही बाजूंनी बसून घेतलेला आहे. जमीन असो, पाणी असो, भाषा असो की मूल, 'हे आमच्या हाती अधिक चांगलं राहील' असं कोणी म्हणालं की त्याचा आराखडा जरूर पाहावा. पण त्याआधी पाहावं, की ते मिळवण्यासाठी तो काय फाडायला तयार आहे. जो फाडायला तयार झाला, त्याचा दावा तिथेच निकालात निघाला.