पॅलेस्टाइनचा अरब उठाव (१९३६–३९) आणि फितुरीचा न्याय

एकाच घटनेस तीन दप्तरांत तीन नांवें आढळलीं म्हणजे संशोधकानें प्रथम त्या नांवांचाच विचार करावा. सन १९३६ च्या एप्रिलपासून सन १९३९ च्या उन्हाळ्यापर्यंत पॅलेस्टाइनांत जें घडलें, त्यास इंग्रज सरकारच्या कागदांत ‘दंगे’ म्हटलें आहे. हिब्रू लिखाणांत ‘मेओराओत’, म्हणजे नुसत्या ‘घडलेल्या गोष्टी’, असा शब्द योजिला आहे. आणि अरबी ग्रंथांतून ‘सौरा’, म्हणजे उठाव, असें नांव आहे. प्रत्येक नांवांत तें देणाराचा पक्ष दिसतो. परंतु तिन्ही दप्तरें एका गोष्टीची साक्ष देतात. ती ही कीं, परकी सत्तेविरुद्ध उपसलेलें शस्त्र पुढें स्वकीयांवरही मोठ्या प्रमाणांत चालूं लागलें. असें कां झालें याचें उत्तर बहुतेक लेखक अरब घराण्यांच्या जुन्या वैरांत शोधतात. तें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. फितूर कोण हें ठरविण्याचा व तह करण्याचा अधिकार ज्या एका ठिकाणीं थोडाबहुत एकवटला होता, तें ठिकाणच मोडलें गेलें, हें अधिक जवळचें कारण दिसतें. तेंच प्रस्तुत लेखांत मांडावयाचें आहे.

१. पूर्वपीठिका

ता. २ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर यांच्या पत्रांत ज्यूंच्या राष्ट्रीय गृहास पाठिंबा आणि इतर रहिवाशांच्या नागरी व धार्मिक हक्कांचें रक्षण, अशीं दोन वचनें एकत्र दिलीं होतीं. इतर रहिवाशांच्या राजकीय हक्कांचा उल्लेख त्यांत नव्हता. राष्ट्रसंघानें सन १९२२ मध्यें हा देश इंग्रजांच्या देखरेखीखालीं दिला, तेव्हां हेंच वचन त्या सनदेंत शिरलें. सन १९३१ च्या खानेसुमारींत एकंदर वस्ती १०,३५,८२१ असून तींत ज्यू १,७४,६०६ होते. सन १९३३ मध्यें जर्मनींत हिटलरचा अंमल सुरू झाला आणि बहुतेक देशांनीं आपलीं दारें ज्यूंस अर्धवटच उघडीं ठेविलीं. त्यामुळें १९३५ या एकाच वर्षांत ६१ हजारांवर ज्यू पॅलेस्टाइनांत येऊन उतरले. एकजण जीव वाचविण्यासाठीं येत होता आणि दुसऱ्यास आपल्या पायाखालची भूमि जाते असें भय वाटत होतें. दोघांचेंही भय खरें होतें, हें न विसरतां पुढील हकीकत वाचावी.

जमिनीची विक्री करणारे पुष्कळदां बैरूत किंवा दमास्कस येथें राहणारे जमीनदार असत. विक्रीनंतर कुळें निघत, आणि त्यांपैकीं बरेच हैफा बंदराच्या कडेच्या झोंपड्यांत मजुरीसाठीं येऊन राहत. याच लोकांत शेख इज्जुद्दीन अल्-कस्साम यांचा वावर होता. हे मूळचे सीरियांतील जबला गांवचे, अल्-अझहर येथें शिकलेले, फ्रेंचांविरुद्ध लढून हैफास आलेले, व तेथील इस्तिकलाल मशिदीचे उपदेशक. ता. २० नोव्हेंबर १९३५ रोजीं जेनीन प्रांतांतील याबद गांवाजवळ पोलिसांशीं झालेल्या चकमकींत ते मारले गेले. त्यांचें पथक लहान होतें; परंतु त्यांच्या मरणानें शहरांतील पुढाऱ्यांच्या अर्जविनंत्यांपलीकडचा एक मार्ग खेड्यांतील तरुणांपुढें आला.

२. संप आणि एका शब्दानें थांबलेलें शस्त्र

ता. १५ एप्रिल १९३६ च्या रात्रीं अनबता ते तुलकर्म या रस्त्यावर गाड्या अडवून दोन ज्यूंस गोळ्या घालण्यांत आल्या. दुसऱ्या रात्रीं पेताह तिकवा या ज्यू वसाहतीजवळ दोन अरबांचा खून झाला. ता. १९ रोजीं याफा शहरांत ज्यूंवर हल्ले होऊन नऊजण मेले. लागलीच सार्वत्रिक संप पुकारला गेला, आणि ता. २५ एप्रिल रोजीं जेरुसलेमचे मुफ्ती हाज अमीन अल्-हुसैनी यांच्या अध्यक्षतेखालीं अरब उच्च समिति स्थापन झाली. हुसैनी व नशाशीबी या परस्परविरोधी घराण्यांचे पुढारी या समितींत एकत्र बसले होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ज्यूंचें आगमन थांबवावें, जमिनीची विक्री बंद करावी व लोकनियुक्त राज्यकारभार द्यावा, या त्यांच्या तीन मागण्या होत्या.

सरकारनें जूनमध्यें याफाच्या जुन्या वस्तींतील शेंकडों घरें सुरुंग लावून पाडलीं आणि हें काम नगरसुधारणेचें म्हणून जाहीर केलें. मुख्य न्यायाधीश सर मायकेल मॅकडॉनेल यांनीं सरकारच्या या आडपडद्यावर कडक टीका केली. ऑगस्टांत फौजी अल्-कावुकजी हे बाहेरून स्वयंसेवकांसह येऊन डोंगरांत लढूं लागले. तथापि ऑक्टोबरांत अरब राजांनीं शांततेचें आवाहन केलें आणि उच्च समितीनें तें मान्य केलें, तेव्हां ता. १२ ऑक्टोबरास संप उठला, आणि कावुकजी आपलीं माणसें घेऊन देशाबाहेर गेले. सुमारें सहा महिने धुमसत असलेलें शस्त्र एका जाहीरनाम्यानें थांबलें. समितीचा हुकूम पूर्ण नसला तरी चालत होता, याचा हा सबळ पुरावा होय.

३. समितीचा भंग

पील कमिशनचा अहवाल जुलै १९३७ मध्यें प्रसिद्ध झाला. देशाचे तुकडे करून ज्यू राज्य वेगळें करावें, व जरूर तर लोकवस्तीची अदलाबदल करावी, असें त्यांत सुचविलें होतें. त्याच सुमारास नशाशीबी पक्ष समितींतून बाहेर पडला होता. ता. २६ सप्टेंबर रोजीं गॅलिलीचे अधिकारी ल्युइस अँड्र्यूज यांचा नाझरेथ येथें प्रार्थनामंदिराच्या वाटेवर खून झाला. सरकारनें ता. १ ऑक्टोबर रोजीं उच्च समिति बेकायदा ठरविली व कित्येक पुढाऱ्यांस सेशेल्स बेटांत पाठविलें. हाज अमीन वेष बदलून लेबनानांत निसटले.

येथून उठावाचें स्वरूप पालटलें. दमास्कसमध्यें एक मध्यवर्ती समिति बसली. ती पैसा व आज्ञा पाठवी, पण डोंगरांतील नायक तिच्या हाताखालीं नव्हते. आपली माणसें, आपला महाल, आपला शिक्का, अशी प्रत्येकाची स्थिति झाली. तह करूं शकेल असें कोणी देशांत उरलें नाहीं, आणि शिक्षा करूं शकेल असे मात्र पुष्कळ झाले.

४. बंडवाल्यांचे कागद

सन १९३८ च्या उन्हाळ्यांत उठाव शिगेस पोंचला. डोंगरी मुलखांत सरकारचा अंमल नांवापुरता राहिला. बंडवाल्यांनीं न्यायसभा बसविल्या, वर्गण्या वसूल केल्या, कर्जवसुली तहकूब केली, आणि शहरवासीयांनीं तारबूश टाकून खेडुतांचें कुफिया डोक्यास बांधावें असा हुकूम काढला. या हुकुमाचा एक हेतु शहरांत शिरलेला बंडवाला ओळखूं येऊं नये हा होता. पण शेतकऱ्यानें सावकारास व मोठ्या घराण्यास आपला पोशाख घालावयास लावला, हाही अर्थ सर्वांस कळला. ऑक्टोबरांत जेरुसलेमची तटबंदीआंतील वस्ती कांहीं दिवस त्यांच्या हातीं होती.

या कारभाराचे कागद आज आपणांस ज्या वाटेनें मिळतात ती वाट मोठी शिकविणारी आहे. ज्यूंच्या गुप्तवार्ता खात्यांत काम करणारे एझ्रा डानिन यांनीं पकडलेले अरबी कागद हिब्रूंत भाषांतरून सन १९४४ मध्यें एका संग्रहाच्या रूपानें छापिले; त्याची दुसरी आवृत्ति १९८१ मध्यें निघाली. नायकांचीं पत्रें व त्यांचे परस्परांविरुद्ध आरोप असा मजकूर त्यांत आहे. वखारींचे पत्रव्यवहार ज्यांनीं वाचले आहेत त्यांस येथील अडचण परकी वाटणार नाहीं. कागद बनावट आहे काय, एवढाच प्रश्न पुरत नाहीं. निवड शत्रूनें केली, भाषांतर शत्रूनें केलें, आणि छापण्याचा हेतु बंडवाले लुटारू होते हें दाखविण्याचा होता. म्हणून त्यांतील लुटीचें प्रमाण जसेंच्या तसें धरतां येत नाहीं. मात्र एका नायकानें दुसऱ्यावर केलेली तक्रार ही स्वतःच्या पक्षाविरुद्धची साक्ष असल्यामुळें तिला वजन आहे.

या साक्षीस अरब बाजूनेंही दुजोरा मिळतो. अक्रम जुऐतर यांची रोजनिशी बैरूतेस १९८० मध्यें प्रसिद्ध झाली. आणि टेड स्वेडनबर्ग या अमेरिकन अभ्यासकानें वृद्ध बंडवाल्यांच्या आठवणी मिळवून १९९५ मध्यें पुस्तक काढलें. या वृद्धांच्या बोलण्यांत आपसांतील खुनांचा विषय निघाला कीं, एक तर मौन आढळतें किंवा दोष शेजारच्या नायकाकडे जातो. अशा मौनाचीही नोंद संशोधकानें पुराव्यांतच केली पाहिजे.

५. दोन नायक व शांतिपथकें

तुलकर्मजवळील धिन्नाबा गांवचे धान्याचे व्यापारी अब्दुर्रहीम अल्-हाज मुहम्मद आणि तय्यिबा गांवचे आरिफ अब्दुर्रझ्झाक, हे दोघेही स्वतःस सरनायक म्हणवीत. बाहेरून येणाऱ्या खुनाच्या आज्ञा पाळण्यास अब्दुर्रहीम नाखूश असत, अशी त्यांची ख्याति आहे. दुसऱ्या बाजूस जमिनीचे दलाल, गांवचे मुख्तार, पोलीस शिपाई आणि नशाशीबी पक्षाचे लोक मारले जात होते. जेरुसलेमचे वकील हसन सिद्की दजानी यांचा खून ऑक्टोबर १९३८ मधील. त्यांत खरे खबरे होते, तसे केवळ वर्गणी न देणारे किंवा जुन्या तंट्यांतले प्रतिस्पर्धीही होते. आरोप करणारा, न्याय देणारा व शिक्षा अंमलांत आणणारा एकच असल्यावर या दोहोंत भेद कोण करणार ?

मारलेल्यांचे नातलग मग उलटले. फख्री नशाशीबी यांनीं इंग्रजांच्या मदतीनें ‘शांतिपथकें’ उभारलीं, आणि १९३८ च्या डिसेंबरांत यत्ता गांवीं जनरल ओकॉनर यांच्यासमोर खेडुतांची मोठी सभा भरविली. मार्च १९३९ मध्यें सनूर गांवीं अब्दुर्रहीम इंग्रज सैन्याच्या गोळीनें पडले. ज्या घराण्यांतील भाऊ बंडवाल्यांनीं मारले होते, त्याच घराण्याच्या पथकानें त्यांचा ठावठिकाणा कळविला, असें सांगतात. खुनास नाखूश असणारा नायक दुसऱ्यांनीं केलेल्या खुनांच्या सुडांत गेला. फख्री यांसही नोव्हेंबर १९४१ मध्यें बगदाद येथें ठार करण्यांत आलें.

६. सरकारचा हात

हा उठाव केवळ अंतःकलहानें मोडला असें म्हणणें मात्र सत्याचा अपलाप होईल. कलकत्त्याचे माजी पोलीस कमिशनर सर चार्ल्स टेगार्ट, ज्यांच्यावर बंगाली क्रांतिकारकांनीं अनेकदां नेम धरला होता, त्यांस सल्लागार म्हणून डिसेंबर १९३७ मध्यें पॅलेस्टाइनांत आणण्यांत आलें. उत्तर सरहद्दीवरील तारेचें कुंपण व पोलिसांच्या गढ्या हीं त्यांच्या सल्ल्याचीं फळें होत. हिंदुस्थानांत घडलेली दडपशाहीची विद्या तेथें अशी पोंचली. लष्करी न्यायालयांनीं नोव्हेंबर १९३७ मध्यें कस्सामांचे वृद्ध सहकारी शेख फरहान अस्-सादी यांस ऐन रमजानांत फांशी दिलें. म्यूनिकच्या करारानंतर युरोपांतून मोकळें झालेलें सैन्य आलें.

सप्टेंबर १९३८ मध्यें अल्-बस्सा गांवाजवळ सुरुंगानें चार इंग्रज सैनिक मेले, तेव्हां गांव जाळून सुमारें वीस खेडुतांस मारण्यांत आलें. याची साक्ष त्या सैन्यांतील लोकांनींच वृद्धपणीं दिली. मे १९३९ मध्यें हलहूल येथें बंदुका काढून देण्यासाठीं पुरुषांस उन्हांत कुंपणांत कोंडलें आणि पाण्यावांचून कित्येक मेले. हेब्रॉन येथील इंग्रज डॉक्टर फॉर्स्टर यांची रोजनिशी ऑक्सफर्ड येथें जतन आहे, तींत या प्रकाराची नोंद सांपडते. इर्गुन या ज्यू सशस्त्र संघटनेनें जुलै १९३८ मध्यें हैफाच्या बाजारांत बाँब उडवून निरपराध अरबांस मारलें; ता. २५ च्या एकाच स्फोटांत निदान ३९ जण गेले. आणि ता. २ ऑक्टोबर रोजीं तिबेरियास येथें अरब बंडवाल्यांनीं १९ ज्यूंस मारलें, त्यांत ११ मुलें होतीं. निःशस्त्राचा वध हा कोणत्याही पक्षाच्या यादींत वध म्हणूनच लिहिला पाहिजे.

७. आंकडे

मृतांचे आंकडेही दप्तरागणिक बदलतात. इंग्रजांच्या अधिकृत हिशेबांत लढाईंत मेलेले अरब दोन हजारांवर आहेत. वलीद खालिदी यांनीं तेच कागद तपासून एकंदर ५,०३२ मृत धरले. पैकीं ३,८३२ इंग्रजांच्या हातून व १,२०० अंतर्गत हिंसेनें. दुसऱ्या कांहीं अभ्यासकांनीं हा शेवटचा आंकडा चार हजारांपलीकडे नेला आहे. बंडवाल्यांनीं मारलेले व बंडवाले समजून मारलेले यांच्यांतील रेघ ज्यानें जेथें ओढली तेथें त्याचा आंकडा थांबतो. खालिदींचा मध्यम आंकडा घेतला तरी सुमारें चौथा हिस्सा स्वकीयांकडून गेला.

८. उपसंहार

ता. १७ मे १९३९ च्या श्वेतपत्रिकेनें ज्यूंचें आगमन पांच वर्षांत ७५ हजारांवर आणण्याचें व दहा वर्षांत स्वतंत्र राज्य देण्याचें वचन दिलें. युरोपांतील ज्यूंस आसऱ्याची सर्वांत अधिक गरज असतां त्यांचें दार असें अरुंद झालें. अरबांच्या मूळ मागण्या यांत बऱ्याच अंशीं आल्या होत्या. तरी देशाबाहेरील समितीनें ती नाकारली, आणि देशांत ती स्वीकारूं शकेल अशी संस्था नव्हती. सन १९३६ मध्यें एका जाहीरनाम्यानें शस्त्र थांबविणारा समाज तीन वर्षांनीं मिळालेलें पदरांत घेण्यासही असमर्थ झाला होता. पुढें सन १९४८ च्या युद्धांत सात लाखांवर पॅलेस्टिनी निर्वासित झाले, तेव्हां त्यांचे पुढारी परागंदा, तरुण मेलेले व हत्यारें जप्त झालेलीं होतीं.

समिति मोडणाऱ्या सरकारवर याचा दोष आहे. परंतु मोडलेल्या समितीच्या शिल्लक पुढाऱ्यांनीं परमुलखांतून खुनाच्या आज्ञा धाडल्या, तोही दोष त्यांच्या नांवें लिहिला पाहिजे. घरें पाडण्याचे इंग्रजांचे आपत्कालीन नियम १९४५ मध्यें एकत्र केले गेले आणि पुढें इस्रायली कायद्यांत टिकून राहिले. कस्सामांचें नांव हमासच्या सशस्त्र दलानें घेतलें. आणि सन २००७ च्या जूनमध्यें गाझांत हमास व फतह यांनीं एकमेकांवर गोळ्या झाडल्या, तेव्हांही फितूर कोण हाच वाद होता. म्हणून या उठावाचा कोणताही कागद हातीं आला, तर त्यांत कोणास फितूर म्हटलें आहे हें पाहण्यापूर्वीं खालीं शिक्का कोणाचा आहे, आणि तो उमटविण्याचा अधिकार त्यास कोणीं दिला होता, हें वाचकानें पाहावें.