फिल (टाइप्ड अ‍ॅरे)

जावास्क्रिप्टमधील टाइप्ड अ‍ॅरेचा सगळा किंवा ठरावीक भाग एकाच किमतीने भरणारी मेथड. इकमास्क्रिप्ट २०१५ पासून प्रमाण. टाइप्ड अ‍ॅरे मुळात वेबजीएलच्या गरजेतून आले.

स्वरूप : किंमत, आरंभ, अखेर. आरंभाचा घटक भरला जातो, अखेरचा नाही. आरंभ-अखेर ऋण दिल्यास मोजणी मागून होते. अखेर लांबीबाहेर गेली तरी एरर येत नाही आणि अ‍ॅरेही वाढत नाही. मूळ अ‍ॅरेच बदलतो. सबअ‍ॅरेवर चालवल्यास त्याखालचा बफरही.

किंमत : अ‍ॅरेच्या प्रकारात बसवली जाते. −९९९९ भरल्यास इंट१६अ‍ॅरेत तीच राहते, युइंट८अ‍ॅरेत २४१ होते, क्लॅम्प्ड प्रकारात ०. बिगइंट प्रकारांना साधी संख्या दिल्यास टाइपएरर.

नकाशातील वापर : या मेथडची खरी कसोटी इथे लागते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने केलेल्या रडार मोजणीच्या उंची-फायली एकेक अंशाच्या चौकोनांत मिळतात. ओरोस, मालवण, कुडाळ ‘एन१६ई०७३’ मध्ये येतात. वेंगुर्ले, सावंतवाडी खालच्या चौकोनात. तीन कोनीय सेकंदांच्या आवृत्तीत १२०१ ओळी आणि १२०१ स्तंभ असतात, ओळी उत्तरेकडून. असंपादित आवृत्तीत समुद्राची उंचीही वेडीवाकडी येते, म्हणून तिथे ० भरायचे. मालवणच्या अक्षांशाची ओळ साधारण ११२८ वी (मोजणी ० पासून). अ‍ॅरेत ओळी एकामागोमाग सलग येतात, म्हणून या ओळीचे पहिले ५०० घटक भरायचे तर आरंभ १३,५४,७२८ आणि अखेर १३,५५,२२८. मेथडला ओळ-स्तंभ कळत नाहीत, त्यामुळे दर ओळीला वेगळी हाक द्यावी लागते. शिवाय किनारा तिरपा: हाच ५०० चा आकडा वरच्या ओळींना लावला की रत्नागिरी शहर पाण्याखाली जाते.

या फायलींत मोठा बाइट आधी असतो, तर घरच्या-ऑफिसातल्या बहुतेक संगणकांत धाकटा. थेट इंट१६अ‍ॅरेने वाचल्यास ‘मोजणी नाही’ दाखवणारे −३२७६८ हे १२८ होते, म्हणजे रिकाम्या जागी १२८ मीटरची टेकडी! आधी डेटाव्ह्यूने वाचून मग भरावे. ० ला हा धोका नाही. त्याचे दोन्ही बाइट सारखेच.

वेग : साध्या लूपपेक्षा बहुधा जास्त; फरक इंजिनावर अवलंबून.

ब्राउझर : सर्व प्रमुख.

पहा : अ‍ॅरेबफर, डेटाव्ह्यू.