गिलगुड यांचा प्रॉस्पेरो

नटाचे चरित्र लिहिणे अवघड असते, कारण पडदा पडताच त्याची कला विरून जाते. तथापि सर जॉन गिलगुड या इंग्रज नटाच्या बाबतीत अभ्यासकाला एक आधार सापडतो. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मधील प्रॉस्पेरोची भूमिका त्यांनी १९३०, १९४०, १९५७ आणि १९७४ अशी चार वेळा रंगभूमीवर केली, आणि १९९१ साली चित्रपटातही. या एका भूमिकेच्या अनुरोधाने त्यांची कारकीर्द न्याहाळता येते.

गिलगुड यांचा जन्म १४ एप्रिल १९०४ रोजी लंडन येथे झाला. विख्यात नटी एलेन टेरी ही त्यांच्या आजीची बहीण. अभिनय त्यांना वारशानेच लाभला होता. ओल्ड व्हिक नाट्यगृहात प्रॉस्पेरो प्रथम साकारला तेव्हा ते अवघे २६ वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांनी हॅम्लेटही उभा केला. १९३४ साली न्यू थिएटरात त्यांच्या हॅम्लेटचे १५५ प्रयोग झाले. पद्याचा अर्थ आणि नाद दोन्ही सांभाळणारा त्यांचा आवाज हीच त्यांची कीर्ती ठरली.

पुढे हीच कीर्ती त्यांना अडचणीची होऊ लागली. १९५६ साली जॉन ऑस्बर्न यांच्या ‘लुक बॅक इन अँगर’ने इंग्रजी रंगभूमीचा सूर पालटला. रोजच्या बोलीतल्या त्या नव्या नाटकांत भारदस्त वाणीला स्थान उरले नाही. अशा वेळी पूर्ववैभवाचे स्मरण करीत बसणे सोपे होते. गिलगुड यांनी तसे केले नाही. १९७० साली डेव्हिड स्टोरी यांच्या ‘होम’मध्ये आणि १९७५ साली हॅरॉल्ड पिंटर यांच्या ‘नो मॅन्स लँड’मध्ये, राल्फ रिचर्डसन यांच्या जोडीने, ते अर्धवट वाक्ये आणि दीर्घ मौने यांच्या बळावर उभे राहिले. ‘आर्थर’ या विनोदी चित्रपटातील नोकराच्या भूमिकेने त्यांना ऑस्कर मिळवून दिले. ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटातील त्यांचे लॉर्ड आयर्विन आपल्याकडील प्रेक्षकांनाही परिचित आहेत.

पीटर ग्रीनवे यांच्या ‘प्रॉस्पेरोज बुक्स’मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी, ते पुन्हा प्रॉस्पेरो झाले. तेथे प्रॉस्पेरोबरोबरच इतर पात्रांचे बहुतेक संवादही त्यांच्याच वाणीतून ऐकू येतात. २१ मे २००० रोजी त्यांचे निधन झाले.

प्रॉस्पेरो अखेरीस आपली जादूची कांडी मोडण्याचा निश्चय करतो. गिलगुड यांनी आपली कांडी योग्य वेळी खाली ठेवली. म्हणूनच ती त्यांना पुन्हा उचलता आली. परंपरेचा खरा वारसदार कोणास म्हणावे, याचे उत्तर यात आहे, असे वाटते.