गोड्या पाण्याची बेटे

आम्हां सोलापूरकरांना बेट म्हटले की सिद्धेश्वराचे देऊळ आठवते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी खोदविलेल्या तळ्यात ते उभे आहे. शेजारीच भुईकोट किल्ला. त्याच्या एका अंगाला हे तळेच राखणीला बसलेले. कोरड्या मुलखात एवढे पाणी म्हणजे चैनच! कोकणातील बेटाची तऱ्हा नेमकी उलटी. तेथे चहूकडे पाणीच पाणी, आणि त्यात घोटभर पिण्याजोगे आहे की नाही हा पहिला सवाल. वर्षाकाठी वीस-बावीस इंच पावसावर वाढलेला माणूस कोणत्याही गावी गेला तरी आधी विहीर पाहतो. गेल्या काही दिवाळीच्या सुट्ट्यांत अलिबागपासून मालवणपर्यंतचे जलदुर्ग मी याच खोडीने पाहिले. आणि हळूहळू वाटू लागले की, या दुर्गांचा इतिहास आपण तोफांच्या तोंडून फार ऐकला, विहिरींच्या तोंडून फारच थोडा.

प्रथम जंजिरा घ्या. सोलापूरचा आणि त्याचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही. विजयनगरावर चालून जाण्यासाठी दक्षिणेतील सुलतान एक झाले, तेव्हा अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि सोबत सोलापूरचा किल्ला आंदण दिला. पुढे तालिकोटची लढाई झाली ती १५६५ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १५६७ च्या सुमारास, त्याच निजामशाहीतील बुऱ्हाणखानाने राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी दगडी जंजिरा बांधावयास घेतला. त्यापूर्वी तेथे कोळ्यांचा राजा राम पाटील याचा लाकडी मेढेकोट होता. म्हणजे सोलापूरचा कोट लग्नात देऊन टाकणाऱ्या घराण्यानेच समुद्रात दुसरा उभारला. आणि हा दुसरा मात्र कोणाला कधी घेता आला नाही.

का घेता आला नाही? वाटाडे आपल्याला कलालबांगडी तोफेपाशी उभे करतात. तोफ खरोखरच अजस्र आहे. पण मी म्हणतो, तेथून चार पावले पुढे जावे आणि आतील दोन मोठे गोड्या पाण्याचे तलाव पाहावेत. खाऱ्या पाण्याच्या वेढ्यात बसून वर्षानुवर्षे तग धरण्याचे मर्म तेथे आहे. शिवाजीमहाराजांनी समोर कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. संभाजीमहाराजांनी १६८२ मध्ये खाडीत दगड टाकून सेतू बांधण्याचे काम चालविले. तेवढ्यात मोगली फौजा कोकणात उतरल्या आणि त्यांना मागे फिरावे लागले. सिद्दी तहानला असता, तर सेतू बांधण्याची वेळ कशाला आली असती?

नुसते पाणी पुरते असेही नाही. त्याची साक्ष खांदेरीची. थळच्या समोरचे हे चिमुकले बेट. १६७९ च्या ऑगस्टअखेर, पावसाळा पुरता सरायच्या आत, मायनाक भंडारी शे-दीडशे माणसे घेऊन तेथे उतरला आणि तट रचू लागला. मुंबई तेथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे इंग्रजांची झोपच उडाली. त्यांनी गलबतांचा वेढा घातला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचे आरमार चालून आले. इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गुराब मराठ्यांच्या हाती लागले आणि ‘रिव्हेंज’ जहाज कॅप्टन केग्विनने कसेबसे झुंजत ठेवले. लढाईचे श्रेय दोन्ही बाजू आपापल्या परीने घेतात. मला मात्र त्यापुढची हकीकत अधिक मोलाची वाटते. इंग्रजांची अवजड जहाजे वाऱ्याची वाट पाहत खोळंबत आणि रात्रीच्या अंधारात मराठ्यांच्या उथळ, वल्ह्यांच्या होड्या त्यांच्या नाकाखालून बेटावर दाणागोटा पोहोचवीत. त्या वल्हविणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पण इंग्रजांनी अखेर नाद सोडला, तो मुख्यतः या होड्यांमुळे. समोरचा किनारा आपला असेल तर बेट आपले, हे खांदेरीने दाखविले. सिद्दीने मग शेजारची उंदेरी बळकावली, ही गोष्ट वेगळी.

आता मालवण. येथे मात्र घाई करू नये, दोन दिवस तरी राहावे. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. त्यावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी तेथे पूजा करून समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. बेट सुमारे ४८ एकरांचे. पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतले, हे आपण शाळेपासून ऐकतो. मी तटावरून एक फेरी मारली आणि सरळ विहिरींकडे गेलो. विहिरीला तिकडे बाव म्हणतात: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. नावे ऐकूनच कळते की, पहिला पोहरा वर आला तेव्हा लोकांना काय वाटले असेल! सोलापुरात आम्ही पाण्याला इतकी लाडकी नावे ठेवत नाही. आम्ही नुसते ‘पाणी आले’ म्हणतो.

समुद्रात गोडे पाणी कसे, यात चमत्कार नाही. बेटावर पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून मुरतो आणि गोडे पाणी खाऱ्याहून हलके असल्यामुळे खाऱ्याच्या वर तरंगून राहते. बेताने उपसले तर पुरते. हावरेपणाने उपसले तर खालचे खारे वर येते. तेव्हा जागा हेरणाऱ्याने केवळ खडक आणि खोली पाहिली नसावी, पाणीही चाखले असावे.

याच किल्ल्यात शिवराजेश्वराचे देऊळ आहे. राजाराममहाराजांनी ते १६९५ साली बांधविले असे सांगतात. हा सन वाचून मी थबकलो. त्याच वर्षी औरंगजेबाने आमच्या जिल्ह्यात, भीमेकाठी ब्रह्मपुरी-माचणूर येथे तळ दिला होता, आणि पुढे सुमारे चार वर्षे तो तेथेच होता. बादशहा भीमेच्या काठी बसून साऱ्या दक्षिणेचा हिशेब मांडीत होता आणि तिकडे सिंधुदुर्गात महाराजांच्या मूर्तीपुढे दिवा लागत होता! इंग्रजांनी १७६५ मध्ये हा किल्ला घेऊन त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले. वर्षभरात किल्ला कोल्हापूरकरांना परत मिळाला आणि ते नाव कोणाच्या ओठी राहिले नाही. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरीही आहे.

मुलांना अर्थात देवबागचे वाळूचे बेट आणि पाण्यात बुड्या मारून प्रवाळ पाहणे अधिक आवडले. त्यांना मी अडविले नाही. माझे लक्ष ताटाकडे होते. आमच्या फराळाच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. खानावळीत बांगड्याचे तिखले, घावणे, काजूची उसळ आणि सोलकढी. पहिल्या घासाला हे दोन परके देश वाटतात. पण काजू, मिरची आणि भुईमूग ही तिन्ही मूळची अमेरिका खंडांकडची. समुद्रमार्गे आपल्याकडे आली. ज्वारी तर हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली, जेथून पुढे सिद्दीही आले. म्हणजे ज्या भाकरी-चटणीला आम्ही अस्सल सोलापुरी म्हणतो, तीत समुद्राचा वाटा मोठा. आणि मालवणी ताटातले अगदी घरचे म्हणावे असे काय, तर आमसूल. खानावळीतल्या मावशींना मी हे सांगितले. त्यांनी चटणी चाखली, डोळ्यांतले पाणी पुसले आणि म्हणाल्या, “समुद्रातून इली आसात, पण तुमच्या उन्हान तिका भारीच तिखट केल्यान!” निघताना त्यांनी आमसुलांचा पुडा हाती ठेवला आणि उरलेली चटणी मागून घेतली.