आक्काची खाट

परवा माळा आवरताना आक्काची फुटकी पाटी सापडली आणि ओसरीवरची तिची खाट डोळ्यांसमोर आली. १९६१ साल. ती सातवीत होती, मी दुसरीत. पाठ दुखते, दुखते म्हणता म्हणता तिला पोक आले. तालुक्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि मणक्याचा क्षय सांगितला. इंजेक्शने, गोळ्या आणि वर्षभर फळीवर उताणे निजणे. उठून बसायचेसुद्धा नाही. पाटी तोंडावर धरून ती गणिते सोडवी. पेन्सिलीची भुकटी डोळ्यांत जाई.

हा आजार फार जुना. इजिप्तच्या ममींमध्येही त्याच्या खुणा सापडल्या आहेत. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १७७९ मध्ये पाठीचे पोक आणि पायांचा लुळेपणा यांचा संबंध नोंदवला. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. शत्रू कळला, पण औषध नव्हते. किडलेल्या मणक्यावर भार पडू नये म्हणून रोग्याला निजवणे, प्लॅस्टरमध्ये जखडणे, एवढेच हाती होते. त्या काळी तेच शहाणपण होते.

मग स्ट्रेप्टोमायसिन आले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले. औषध बदलले, खाट मात्र राहिली. औषध चालू असताना निजण्याचा वेगळा फायदा होतो का, हे कोणी तपासून पाहिलेच नव्हते.

ते पाहिले ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने, दक्षिण कोरियात. मासान येथे रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. औषध दोघांनाही सारखेच, दीड वर्ष. एक गट सहा महिने रुग्णालयात निजून, दुसरा पहिल्या दिवसापासून घरी, हिंडता-फिरता. निष्कर्ष १९७३ मध्ये छापले गेले. निजलेल्यांना काहीही अधिक लाभ झाला नव्हता. पुसान येथे मुलांवर केलेल्या अभ्यासात प्लॅस्टरच्या जाकिटाचेही तेच दिसले.

आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये आपल्या 'मध्यम मार्गा'चे निष्कर्ष मांडले. औषध सर्वांना, शस्त्रक्रिया गरज असेल त्यालाच. पुढे मद्रासला हिंडते-फिरते उपचार आणि मोठी शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. तिचा दहा वर्षांचा अहवाल १९९९ मध्ये आला. त्यातही नुसत्या औषधांवरचे रोगी मागे पडले नव्हते. पाय लुळे पडत असतील किंवा पोक वाढत असेल, तर शस्त्रक्रिया आजही लागते, हे खरे.

आक्का बरी झाली. पण शाळा सुटली ती सुटलीच. बरोबरीच्या मुली पुढे गेल्या, हिचे लग्न ठरले. वर्गात माझ्यापेक्षा हुशार तीच होती.

काही वर्षांपूर्वी तिला ही कोरियाची हकीकत वाचून दाखवली. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी उगीच निजले होय रे?"

काय सांगणार? डॉक्टर चांगलेच होते, बाबांकडून फीसुद्धा कमीच घेत. त्यांना जे शिकवले होते ते त्यांनी केले. मीही चाळीस वर्षे मुलांना शिकवले. त्यातले किती मी स्वतः तपासून पाहिले होते?

असो. पाटी धुऊन, पुसून पुन्हा जागेवर ठेवली आहे.