टिपेवरचा आळ

मुंबईच्या उपनगरांतले लेथ का थांबले, याचे एक उत्तर कारखानदारीत जणू ठरून गेले आहे. लेथच्या टूलला बसवायचे, धार असलेले तयार तुकडे म्हणजे टिपा आल्या, मागून संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे आली, हाताने टूलला धार लावणाऱ्या टर्नरची गरज संपली आणि त्याच्यापाठोपाठ त्याचा गाळाही गेला. कुर्ला-घाटकोपरपासून भांडुप-मुलुंडपर्यंत आणि साकीनाका-मरोळपासून कांदिवलीपर्यंतचा इतिहास एवढ्यात आटपत असेल असे मला वाटत नाही. टिपेने टर्नरकडून काहीतरी काढून घेतले, हे खरेच. पण नेमके काय घेतले हे तिची घडण पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि ती पाहिल्यावर हा आळ टिकत नाही.

धार कुणी ठरवायची, हा वाद टिपेहून जुना आहे. १९०६ साली अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने धातू कापण्याच्या विद्येवरचा आपला प्रबंध मांडला. त्यामागे २६ वर्षांचे प्रयोग होते आणि त्यांत आठ लाख पौंड लोखंड-पोलादाच्या चिपा झाल्या होत्या. कोणत्या वेगाने, किती खोल आणि कसल्या धारेने कापायचे, हा निर्णय कारागिराच्या डोक्यातून काढून कार्यालयातल्या कागदावर आणायचा, हा त्यामागचा उघड हेतू. छोट्या कारखान्यापर्यंत तो पोचलाच नाही. तिथे टर्नर ग्राइंडरसमोर उभा राहून एचएसएसची, म्हणजे हायस्पीड पोलादाची, पट्टी आपल्या अंदाजाने घासत राहिला. १९२३ मध्ये जर्मनीत ओस्राम कंपनीत कार्ल श्र्योटरने टंगस्टन कार्बाईडची भुकटी कोबाल्टने बांधण्याची रीत शोधली आणि क्रुप कंपनीने हा माल ‘विडिया’ नावाने, म्हणजे ‘हिऱ्यासारखा’ म्हणून, बाजारात आणला. तरीही टर्नर ग्राइंडरसमोरून हलला नाही. कार्बाईडचा तुकडा पोलादी दांड्यावर ब्रेझिंगने डकवायचा आणि झिजला की ग्राइंडरच्या हिरव्या चाकावर घासायचा. पोलाद कार्बाईडच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे ब्रेझिंग थंड होताना टिपेला तडे जात. खरी कलाटणी १९५० च्या दशकात मिळाली. टीप डकवण्याऐवजी दांड्यावर आवळून बसवायची, एक कोपरा बोथट झाला की फिरवून दुसरा पुढे करायचा आणि सगळे संपले की भंगारात टाकायची. टेलरला जे सगळीकडे लागू करता आले नव्हते, ते एका स्क्रूने करून दाखवले.

कारण आता कोन टिपेच्या साच्यातच आला. गाळ्यागाळ्यांत दिसणारी सीएनएमजी १२०४०८ घ्या. पहिले अक्षर सांगते की कोपरा ८० अंशांचा आहे. दुसरे सांगते की बाजू काटकोनात आहेत, म्हणून टीप दोन्ही अंगांनी वापरता येते आणि चार धारा मिळतात. १२ म्हणजे मिलिमीटरमध्ये धारेची लांबी, ०४ म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास जाडी आणि ०८ म्हणजे ०.८ मिलिमीटरची नाकाची गोलाई. मऊ पोलादाची चिप लांब दोरीसारखी येऊन जॉबभोवती गुंडाळू नये म्हणून टर्नर टूलवर जी पायरी घासायचा, ती आता टिपेच्या पाठीवर साच्यातूनच उमटून येते. भुकटी दाबून सुमारे १४०० अंश सेल्सिअसवर भाजली की तुकडा प्रत्येक दिशेने जवळजवळ पाचव्या हिश्श्याने आकसतो, म्हणून साचा तेवढा मोठा करावा लागतो. १९६९ पासून वर टायटॅनियम कार्बाईडचा पातळ मुलामाही चढू लागला. हे काम गाळ्यात होण्यासारखे नव्हतेच. १९६० मध्ये स्थापन झालेल्या सँडविक एशियाचा कारखाना पुण्याजवळ दापोडीला उभा राहिला, विडिया बंगळुरूला गेली आणि मुंबईची उपनगरे हत्यारांच्या बाजारातून, नागदेवी स्ट्रीटवरून टिपांचे डबे आणणारी गिऱ्हाईके राहिली.

म्हणजे टर्नरची अक्कल दापोडीच्या साच्यात जाऊन बसली, असा आक्षेप इथे येणारच. अर्धी बसली, हे मान्य करू. उरलेली अर्धी गाळ्यातच राहिली. दोन्ही अंगांची टीप कापताना जोर जास्त मागते. लेथ भक्कम आणि मोटर दमदार लागते. उपनगरांतले लेथ बहुधा जुने, पट्ट्यावर चालणारे, स्पिंडल सैल झालेले. बारीक, लांब दांडा अशा लेथवर ०.८ च्या नाकाने कापला की थरथरतो आणि अंगावर लाटा उठतात. मग ०.४ चे नाक घ्यावे, की सात अंश उताराची एकअंगी टीप घ्यावी? तिला दोनच धारा असतात, म्हणजे धारेमागे खर्च वाढला. मालकाला चार धारा हव्यात, लेथला दोनच झेपतात, आणि हा तंटा कॅटलॉग सोडवत नाही. जिथे कोणतीच तयार टीप चालत नाही तिथे टर्नर तिलाच हिरव्या चाकावर नेऊन हवा तो आकार देतो. कॅटलॉग लिहिणाऱ्याला ते पाप वाटेल. जॉब मात्र वेळेवर जातो.

टिपेनेच धंदा मारला असता तर तो सगळीकडे मेला असता, हा माझा मुख्य पुरावा. भोसरीत, कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावात, राजकोटला, कोइमतूरला याच टिपा, याच सांकेतिक अक्षरांच्या, वापरात आल्या आणि तिथे टर्निंगचे काम वाढले. एका जॉबमागची माणसे तिथेही घटली, हे नाकारत नाही. पण टर्नर यंत्र लावून देणारा सेटर झाला, गाळा जाग्यावर राहिला. मुंबईत वेगळे काय घडले? १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरे बृहन्मुंबईत आली. कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाईल्स, विक्रोळीची गोदरेज, पवईची लार्सन अँड टुब्रो, भांडुपची गेस्ट कीन विल्यम्स, कांदिवलीची महिंद्र असे मोठे कारखाने या पट्ट्यात चालत होते, आणि बुश, शाफ्ट, नट यांचे सुटे काम आजूबाजूच्या गाळ्यांत होई. पुढे बृहन्मुंबईत नवे मोठे कारखाने काढू देण्यात सरकारने हात आखडता घेतला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने औद्योगिक पट्ट्यातली जमीन अटींवर निवासी आणि व्यापारी वापराकडे वळवण्याची वाट मोकळी केली. त्याच वर्षी आयातीचे दरवाजे उघडू लागले आणि परदेशी टिपा सहज मिळू लागल्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या, म्हणून एकीचे खापर दुसरीवर फुटले असावे. संप आणि जकात यांनी मुंबई महाग केली, असेही सांगतात. जकात खरीच जाचक होती. पण पाच माणसांच्या गाळ्यात कुठली युनियन आणि कुठला संप? लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. ज्या चौरस फुटावर दिवसभर लेथ चालवून मिळत होते, त्याहून जास्त तो चौरस फूट नुसता विकून मिळू लागला.

लेथ मोडीत निघालेच असे नाही. त्यांतले कितीतरी टेम्पोत चढून वसई पूर्वेला वालीव आणि सातिवलीच्या गाळ्यांत गेले, आणि तिथे त्यांच्या दांड्यांवर अजूनही सीएनएमजी १२०४०८ च आवळलेली असते.