डब्यातले पैसे, खात्यातले पैसे

घरखर्चातून वाचवून बाजूला ठेवलेले पैसे हा आपल्या घरांचा न लिहिलेला इतिहास आहे. डाळीच्या डब्याच्या तळाशी, ठेवणीतल्या साडीच्या घडीत. हिशेब फक्त त्या बाईला ठाऊक. लेकीच्या बाळंतपणाला, माहेरच्या आहेराला, कधी नवऱ्याच्याच दुकानाची नड भागवायला ते बाहेर येत.

8 नोव्हेंबर 2016च्या रात्रीनंतर ते एकदम बाहेर काढावे लागले. 500 आणि 1000च्या नोटा रद्द झाल्या. चलनातली सुमारे 86 टक्के रक्कम याच दोन नोटांत होती. बदलून मिळायचे आधी 4000, मग 4500, मग 2000. वर बोटाला शाई. महिना संपायच्या आत काउंटरवर बदलून देणेच थांबले. राहिलेले खात्यात भरा म्हणाले. पण ज्यांचे खातेच नव्हते, त्यांनी काय करायचे? नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात द्यायचे. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेची चौकशी होणार नाही, असे सरकारने जाहीर केले होते. आयकरवाले राहिले बाजूला, घरच्यांनीच चौकशी केली! "एवढे आले कुठून?" हा प्रश्न तेव्हा किती स्वयंपाकघरांत विचारला गेला असेल. पुढे 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले, की रद्द नोटांपैकी 99.3 टक्के रक्कम परत आली. ज्यांचे बुडावे म्हणून हे केले त्यांचे फारसे बुडाले नाही. बाईचे गुपित मात्र गेले.

मग मार्च 2020ची टाळेबंदी. त्या वर्षी महावीर जयंतीही आपण घरातच केली. एप्रिल ते जून, जनधन खाते असलेल्या महिलांच्या नावावर सरकारने दरमहा 500 रुपये टाकले. अशा महिला जवळपास 20 कोटी. रक्कम किरकोळ, पण पैसे घरातल्या पुरुषाला वळसा घालून थेट बाईकडे गेले. रेशनवर 80 कोटी लोकांना माणशी 5 किलो धान्य फुकट मिळू लागले, आणि संकट सरल्यावरही ते चालूच राहिले.

ही वाट राजकारण्यांनी बरोबर ओळखली. 2023 मध्ये मध्य प्रदेशात लाडली बहना, 2024च्या जुलैपासून आपल्याकडे लाडकी बहीण, महिना 1500 रुपये. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली आणि महायुतीला मोठे बहुमत मिळाले. त्याला कारणे इतरही असतील, पण बाईचे मत घरच्या मताबरोबर जाते हे आता कुठलाच पक्ष गृहीत धरत नाही. हे मला चांगलेच वाटते, पैसे कोणत्या हेतूने दिले ते काहीही असो.

या योजनेत पुन्हा तोच अडीच लाखांचा आकडा आहे, कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाचा. आपल्यातल्या दुकानदारांच्या घरच्या बऱ्याच जणी त्यामुळे यादीबाहेर. त्यांचे भाजीचे पैसेही आता मोबाइलवरून जातात आणि मेसेज मुलाच्या फोनवर येतो. त्यातून पन्नास वाचवायचे तरी कसे, मैत्रिणींनो? आमच्या भिशीत म्हणून अजून रोखच चालते.